समाधान वाचत नाही

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझ्या माहेरच्यांनी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे सासरच्यांची फसवणूक झाली असं कोणाला म्हणता येणार नाही. पण त्या शनिवारी जे झालं त्यात माझ्या तोंडाचा काडीचाही दोष नाही. दोष असलाच तर मराठी भाषेचा आहे. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवायचे, आणि तेही असे की एकात पोरगं पुस्तक धरतं आणि दुसऱ्यात जीव धरतं, ही काय पद्धत झाली?

मी ज्योती. जळगावला मेहरूणमध्ये राहते. नवरा जितेंद्र एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर आहे. मुलगा एकच, चौथीत शिकतो. त्याचं नाव समाधान. नाव सासूबाईंनी ठेवलं, पण त्याच्या अभ्यासाच्या बाबतीत मला ते अजून मिळालेलं नाही.

तसा पोरगा गुणी आहे. बोलायला लागला की ऐकत बसावं. शाळेतून घरी येईपर्यंतच्या दहा मिनिटांच्या रस्त्यात त्याला काय काय दिसतं आणि ते तो किती मीठमसाला लावून सांगतो! पण पुस्तक समोर ठेवलं की आधी त्याला तहान लागते, मग शू लागते, मग पायाला मुंग्या येतात. मुंग्या गेल्या की जांभया.

मी काय करायचं बाकी ठेवलं? मोबाईल ज्वारीच्या कोठीत लपवून पाहिला. ज्वारीतून वाजला. प्रदर्शनातून गोष्टीची पुस्तकं आणली, चांगली रंगीत चित्रांची. त्यानं एकालाही हात लावला नाही. शेवटी पैसे वाया जायला नकोत म्हणून सगळी मीच वाचून काढली. मग जितेंद्रला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की आईवडील घरात वाचताना दिसले की मूल आपोआप वाचायला लागतं. झालं. साहेब रोज संध्याकाळी पेपर घेऊन पोरासमोर बसू लागले. दुसऱ्या पानावर त्यांचे डोळे मिटायचे आणि पेपर तोंडावर यायचा. बापाकडून पोरगा एवढंच शिकला की पेपर तोंडावर घेतला की उजेड लागत नाही.

मग मीच त्याला घेऊन बसायला लागले. मोठ्यानं वाच म्हटलं. तो म्हणायचा, "परचंड." मी म्हणायची, "प्रचंड. परत." तो म्हणायचा, "परकाश." मी म्हणायची, "प्रकाश. डोळे उघडून बघ, काय लिहिलंय ते. परत." तिसऱ्या ओळीला त्याचे डोळे भरायचे आणि माझा आवाज शेजारच्या नौशीनच्या घरापर्यंत जायचा. आता चुकीचं वाचलं तर चूक सांगायची नाही तर काय पेढे वाटायचे?

त्या शनिवारी शाळेत पालकसभा होती. मॅडम चांगल्या आहेत, ओरडून बोलत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. म्हणाल्या, "घरी वाचन होत नाही का? वर्गात वाचायला उभं केलं की त्याच्या पोटात दुखतं. मी सगळं करून पाहिलं, आता मी हात टेकले. हे असंच राहिलं तर पाचवीला त्याला फार जड जाईल."

मी घरी आले ती तणतणतच. जितेंद्र कंपनीत. त्यांच्या कंपनीत फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं, म्हणजे त्यांच्यावर संताप काढायची सोय नाही. म्हणून मी गावाकडे सासूबाईंना फोन लावला.

आमचं गाव चाळीसगावपासून अर्ध्या तासावर आहे. तिथं सासरे सुकदेव नाना आणि सासूबाई भागाबाई राहतात. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्का शाळेत गेलेल्या नाहीत. बोलणं सगळं अहिराणी. मला ती समजते, पण बोलायला गेले की अक्का हसतात, म्हणून मी माझं जळगावी मराठीच बोलते. फोनला त्या दिवशी रेंज जेमतेम होती. मी आपली एका दमात बोलून मोकळी झाले.

"अक्का, समाधान काही वाचत नाही. मी सगळे उपाय करून थकले. मॅडमनी पण आज हात टेकले."

पलीकडून अक्का काहीतरी म्हणाल्या आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. मी फोन आत चार्जिंगला लावला आणि मागच्या दारी कपडे धुवायला बसले. मन जरा हलकं झालं होतं.

आता हे लक्षात घ्या की आमच्या गावात मॅडम एकच, ती म्हणजे सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण.

दुपारी चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाकडून रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे दुःखाच्या घरी जाताना बायका घरात पोहोचायची वाट बघत नाहीत, गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढतात. म्हणजे आतल्यांना कळतं की आपली माणसं आली. मी ऐकलं आणि म्हटलं, अरे देवा, गल्लीत कोणाचं तरी काही झालं. हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, चेहरा लांब केला आणि शेजारधर्म म्हणून बाहेर आले.

बघते तर भाड्याची क्रूझर आमच्याच घरासमोर उभी. तिच्यातून नाना उतरलेले, अक्का उतरलेल्या, अक्कांच्या शेजारच्या धुरपदाबाई उतरलेल्या, आणखी भावकीतल्या चार बायका उतरत होत्या. धुरपदाबाईंचा आवाज सगळ्यात वर. मला वाटलं नात्यातलंच कोणी तरी गेलं आणि मला कळवलं नाही. मलाही रडू फुटलं. मी अक्कांच्या गळ्यात पडले. दोघी रडलो. मग नाक पुसून मी विचारलं, "अक्का, पण कोण गेलं?"

अक्कांचं रडं जागच्या जागी थांबलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. ओट्यावर समाधान बसला होता. हातात केळीच्या वेफर्सची पुडी. एवढ्या बायका रडताना बघून त्याचाही ओठ वाकडा झालेला, पण तोंडात वेफर होता म्हणून रडणं अडलं होतं.

"काय व्हयनं मना पोऱ्याले?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "का?"

"तू तर सांगं ना, तो वाचत नई."

"नाहीच वाचत," मी म्हटलं. "पुस्तकाला हात लावत नाही."

नाना आधी क्रूझरच्या पायरीवर बसले आणि मग हसायला लागले. भावकीतल्या बायका पदराआड हसल्या. धुरपदाबाई मात्र हसल्या नाहीत. चाळीसगावपासून जळगावपर्यंत त्या अखंड रडत आल्या होत्या आणि आता ते सगळं रडणं फुकट गेलं होतं. जातानाही त्या माझ्याकडे रागानंच बघत गेल्या.

तेवढ्यात जितेंद्र कंपनीतून आले. दारात गर्दी, चपलांचा ढीग, क्रूझर, पदर डोळ्याला लावलेल्या बायका. ते गाडी स्टँडवर लावायची सोडून तिथंच मटकन बसले. मी समोर आले तेव्हा म्हणाले, "मला वाटलं तू गेलीस." मी म्हटलं, "चेहऱ्यावरून तसं फार दुःख दिसत नाही." तर म्हणे, धक्का मोठा होता.

सगळ्यांना चहा टाकला. इथून खरी गोष्ट सुरू होते.

अक्का आणि चहा हे काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. उठल्याबरोबर एक, अंघोळीआधी एक, अंघोळीनंतर एक. कोणी आलं तर त्याच्याबरोबर, कोणी आलं नाही तर करमत नाही म्हणून. म्हशीच्या दुधाचा, पिवळाजर्द, बशीत ओतून. आमच्या लग्नात हार घालायच्या वेळी अक्का सापडत नव्हत्या, तर आचाऱ्यापाशी बशी फुंकत बसल्या होत्या. आणि त्या अक्कांनी माझ्या हातातला कप बघून मान फिरवली.

"घ्या ना, अक्का."

"नई."

नानांनी सांगितलं. येताना पाटणादेवीच्या फाट्यापाशी अक्कांनी चालत्या गाडीतून हात जोडले आणि नवस बोलल्या, माझा नातू वाचू दे, तो वाचेपर्यंत चहाचा थेंब तोंडात घेणार नाही. "पण आता काय त्याचं?" नाना म्हणाले. "पोरगा तर धडधाकट शे. वेफर खाई ऱ्हायना. पी चहा."

अक्का विचारात पडल्या. कपाकडे बघत होत्या हे मी पाहिलं. मग त्यांनी सावकाश जे सांगितलं ते वकिलाला सुचलं नसतं. पोरगा मरतच नव्हता, त्यामुळे तो वाचला असं म्हणता येणार नाही. देवीनं त्या बाबतीत काही केलेलंच नाही. सून म्हणाली वाचत नाही, मी म्हणाले वाचू दे. जे होत नव्हतं ते अजून होत नाही. म्हणजे नवस उभाच आहे.

"अगं, पण तुला कुठे माहीत होतं तेव्हा?" नाना म्हणाले.

"देवीले माहित व्हतं ना," अक्का म्हणाल्या.

शेवभाजी खाऊन संध्याकाळी क्रूझर परत गेली. नानांना म्हशींसाठी जाणं भाग होतं. अक्का मागे राहिल्या, डोक्याला फडकं बांधून.

रविवारी सकाळी अक्कांचं डोकं ठणकायला लागलं. ज्याला सवय आहे त्यालाच ते दुखणं कळतं. त्या कोणावर चिडल्या नाहीत, नुसत्या दाराशी बसून राहिल्या. जितेंद्रचा चहा मी त्यांना वास जाऊ नये म्हणून दार लावून केला. समाधान दोनदा त्यांच्यापाशी जाऊन आला. त्याचा अक्कांवर फार जीव. लहानपणी तापात आठ-आठ दिवस त्यांच्याच मांडीवर असायचा.

"अक्का, घे ना चहा. मी देवीला सॉरी म्हणतो."

"तू वाच," अक्का म्हणाल्या. "मंग पिसू."

"मला नाही येत नीट."

"मालेबी नई येत."

तो उभा राहिला. मग कपाटापाशी गेला आणि सगळ्यात पातळ पुस्तक काढून आणलं. अक्कांनी ते हातात घेऊन तोललं, वांगी तोलतात तसं, आणि परत दिलं. एवढ्याशा पुस्तकावर देवी फसायची नाही म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः उठून एक निवडलं, वरती रेड्याचं चित्र होतं म्हणून. चांगलं जाडजूड. हे पुरं वाचून झालं की नवस फिटला, असं ठरलं. जत्रेत हरवलेल्या एका रेड्याची आणि त्याला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट. मी वाचलेली होती.

समाधाननं पहिलं पान उघडलं. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी भाकरी थापत होते.

"ज... जत... जतरेत," तो म्हणाला, "परचंड गरदी होती."

माझं तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ज्योती, तुनी भाकर जळी ऱ्हायनी." भाकरी जळत नव्हती. पण मी तोंड मिटलं.

आणि गंमत अशी की अक्का स्वतः परचंडच म्हणतात. जतराच म्हणतात. प्रश्नाला परसन म्हणतात. पोरगा जिथं जिथं चुकत होता तिथं अक्कांना ते अगदी बरोबर वाटत होतं. त्या मान डोलवत होत्या. तो अडला की त्या वाट बघायच्या, बरोबर काय ते त्यांना माहीतच नव्हतं तर सांगणार काय? शब्द निघाला की म्हणायच्या, "मंग? मंग काय व्हयनं?"

पोरगा पान उलटून पुढे जायचा, कारण काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. भाकरी थापता थापता माझे ओठ चावून चावून सुजायची वेळ आली. 'संध्याकाळ'चं त्यानं असं काही केलं की माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. तरी मी बोलले नाही.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या त्यानं दप्तर फेकलं आणि विचारलं, "अक्का कुठे आहे?" पायाला मुंग्या आल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. मंगळवारी तो वाचत असताना नौशीनची मुलगी खेळायला बोलवायला आली आणि तीही तिथंच बसली. अक्कांना रेडा चोरल्याचा संशय जिलेबीवाल्यावर होता. का, तर तो पोरांना फुकट जिलेबी देत होता. "फुकट देस तो काहीतरी लपाडस," त्या म्हणायच्या. समाधान म्हणायचा, नाही, पाळणेवाला. भांडण व्हायचं आणि ते मिटवायला पुढचं पान वाचावं लागायचं.

नाना रोज फोन करायचे. आधी अक्कांची तब्येत विचारायचे, मग हळूच मला, "पुस्तकाला किती पानं राहिली, बेटा?" घरी ते स्वतःच स्वयंपाक करत होते आणि तीन दिवस खिचडी खाऊन त्यांचाही जीव आंबला होता. मी म्हणायची, निम्मं झालंय. त्यांचा सुस्कारा मला फोनमध्ये ऐकू यायचा.

अक्कांचे डोळे ओढल्यासारखे दिसायला लागले होते. रात्री झोप लागत नाही म्हणाल्या. मी दोनदा म्हटलं, "अक्का, एक घोट घ्या, देवी काही एवढी कठोर नाही." त्यांनी ऐकलं नाही. मला मनापासून वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर आतून आनंदही होत होता. माझं पोरगं वाचत होतं. आवाज न चढवता, लाच न देता, माझ्या घरात, माझ्या कानांनी मी ऐकत होते. आणि त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईचं डोकं रोज ठणकत होतं. दोन्ही एकदम होत होतं आणि कशाकडे बघावं ते मला कळत नव्हतं.

शुक्रवारी मी मेथी निवडत होते. बाहेरच्या खोलीतून समाधानचा आवाज येत होता, आता बराच सराईत झालेला.

"मग रेडा जत्रेतून पळाला," तो वाचत होता, "आणि स्टेशनवर गेला. गाडी उभी होती. तो जनरलच्या डब्यात चढला. लोक म्हणाले, अहो, शिंगं आत घ्या. मग टीसी आला. टीसी म्हणाला, तिकीट. रेड्यानं शेपटी हलवली. टीसी म्हणाला, शेपटी नको, तिकीट. मग रेडा चाळीसगावला उतरला."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. त्या पुस्तकात रेल्वे नाही. टीसी नाही. चाळीसगाव तर अजिबात नाही. रेडा पाळणेवाल्याच्या तंबूमागं सापडतो, मुलगी त्याच्या गळ्यात पडते आणि गोष्ट संपते. मी स्वतः वाचलंय.

मी दारातून डोकावले. समाधाननं पुस्तक नाकासमोर धरलं होतं, पण नजर वर पंख्याकडे होती. अक्का गुडघ्यांना विळखा घालून ऐकत होत्या. "मंग?" त्या म्हणाल्या. मी आल्या पावली परत फिरले. एवढं दिसून गप्प बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ असावी.

शनिवारी सकाळी शाळेचे बूट घालताना मी त्याला धरलं. "पुस्तक कधी संपलं रे?"

तो बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. "परवा."

"मग सांगितलं का नाहीस? अक्कांचं डोकं किती दुखतंय, दिसत नाही तुला?"

"दिसतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "पण संपलं म्हटलं की ती चहा पिणार."

"मग पिऊ दे की."

"चहा प्यायली की गावाला जाणार ना."

त्यानं नाडी बांधली, ती चुकीची बांधली, आणि मी ती सोडून परत बांधली नाही. तो गेल्यावर मी भांडी घासायला बसले, पण डोक्यात तेच. पोरगं खोटं बोललं म्हणून रागवावं, तर का बोललं ते कळल्यावर राग येईना. गप्प बसावं, तर अक्का एका पोराच्या लबाडीपायी तळमळत होत्या. शेवटी ठरवलं, अक्कांना सांगायचं. पोराला काय वाटेल ते वाटो. त्याचं वाचन थांबलं तर थांबो. कोणाच्या डोकेदुखीवर ते उभं राहायला नको.

संध्याकाळी मी चहा केला. आलं टाकून, दूध जास्त, अक्कांना लागतो तसा. बशीसकट त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. समाधान पुस्तक घेऊन बसायच्याच बेतात होता. कप बघून त्याचा चेहरा उतरला.

"अक्का," मी म्हटलं, "घ्या. नवस फिटला. पुस्तक परवाच संपलंय."

समाधान माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला भर वर्गात उभं केलं होतं.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "माले माहित शे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"पुस्तक सरनं ते." त्यांनी समाधानच्या हातातलं पुस्तक घेऊन त्याचं शेवटचं पान बोटानं उचलून दाखवलं. "बठ्ठी पानं इकडथून तिकडे गयात. मंग दोन दिन पोऱ्या एकच पान धरीसन बठेल शे. मी अडानी शे, आंधयी नई."

"मग चहा का नाही घेतला? दोन दिवस उगाच डोकं धरून बसलात."

अक्का जराशा लाजल्या. खरंच लाजल्या, मी बघितलं. म्हणाल्या, चहा घेतला असता तर पोराला कळलं असतं की मला कळलंय. मग तो बोलायचा थांबला असता. आणि रेडा एकटाच चाळीसगावला उतरला होता. "त्याले तसाच सोडी देऊ का?"

मला रडू आलं. पदर तोंडाला लावून मी तिथंच उभी राहिले. पुस्तक संपेपर्यंत त्यांनी चहा सोडला होता तो देवीसाठी. शेवटचे दोन दिवस देवीचा काही संबंध नव्हता. ते माझ्या पोराच्या गोष्टीसाठी होते.

समाधान खाली बघत होता. "तू जाणार आता?" त्यानं विचारलं.

"जानं ते शेच, बेटा. म्हशी शेतस. नाना खिचडी खाईसन वाळी गया." त्यांनी त्याला जवळ ओढलं. "पन तो रेडा चाळीसगावलेच उतरेल शे ना? मी तठेच उतरसू उद्या. मी दखसू त्याले. तू फक्त सांग, कोठे दखू."

समाधाननं मान वर केली. तो विचार करायला लागला. मी त्याला गणितातसुद्धा एवढा विचार करताना पाहिलेलं नाही.

अक्कांनी बशीत चहा ओतला. वास सगळ्या घरात पसरला. त्यांनी बशी ओठांपर्यंत नेली, आणि तिथंच थांबवली.

"पैले सांग," त्या म्हणाल्या, "टीसीनं त्याले सोडं कसं?"

"थांब ना अक्का, मला सुचू दे."

"सुचू दे, सुचू दे," अक्का म्हणाल्या आणि भरलेली बशी खाली ठेवली.

चहावर साय धरायला लागली. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मी पातेलं परत गॅसवर ठेवलं, आच बारीक केली आणि तिथंच, दाराशी, खाली बसले.